पार्श्वभूमी : ‘डॉक लावला की क्रॅश होतो’

संध्याकाळी ऐरोलीच्या ऑफिसात डॉकची, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, लॅन लॅपटॉपला एकदम जोडणाऱ्या डबीची, केबल काढायची, झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकायचा, ठाण्याची लोकल पकडायची आणि घरी घोडबंदर रोडला दुसऱ्याच डॉकवर दुसराच मॉनिटर जोडायचा. २०२० नंतर घर आणि ऑफिस असं आलटूनपालटून काम सुरू झालं आणि हे रोजचंच झालं. लिनक्सवाले मदत मागायला येतात तेव्हा वाक्य ठरलेलं असतं: ‘डॉक लावला की क्रॅश होतो.’ विचारत गेलं की कळतं, कुणाच्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आहे, तर कुणी थेट लॉगिन स्क्रीनवर फेकला गेलाय आणि उघडं ठेवलेलं काम गायब आहे.

मॉनिटर जोडायचं जुनं व्हीजीए मानक आणि लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स ११ ही यंत्रणा, दोन्ही १९८७ची. तेव्हा मॉनिटर एकदा जोडला की जोडला. चालू डेस्कटॉपवर स्क्रीन जोडणं-काढणं एक्सच्या २००७च्या रँडआर १.२ या विस्तारापासून सोपं झालं आणि २००९पासून डिस्प्लेचा मोड (रेझोल्यूशन वगैरे) ठरवायचं काम कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, येऊ लागलं.

खरा गुंता ‘डॉक’ या शब्दाचा आहे. पूर्वी डॉक म्हणजे लॅपटॉपच्या बुडाशी खटकन बसणारा, त्याच मॉडेलसाठी केलेला ठोकळा. २०१४मध्ये यूएसबी-सी आलं आणि त्यातून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे मॉनिटरच्या चित्राचा, सिग्नल न्यायची सोय झाली. २०१५मध्ये थंडरबोल्ट ३ या जास्त वेगवान जोडणीने तोच पोर्ट घेतला. तेव्हापासून दिसायला सारख्या असलेल्या तीन निराळ्या वस्तूंना आपण डॉकच म्हणतो.

पहिला प्रकार ग्राफिक्स चिपचा सिग्नल सरळ पुढे नेतो. यूएसबी ३ही चालू ठेवायचं तर केबलमधल्या चारपैकी दोनच लेन (डेटा वाहणाऱ्या तारांच्या जोड्या) चित्राला उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२च्या हिशेबात त्या सेकंदाला ८.६४ गिगाबिट देतात, आणि ४के मॉनिटरला ६० हर्ट्झसाठी साडेबाराच्या आसपास लागतात. म्हणून तो ३०वर येतो आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. हा बिघाडच नाही. दोन मॉनिटर असतील तर एमएसटी, म्हणजे एकाच केबलमधून अनेक मॉनिटरना चित्र पाठवायची पद्धत, आलं: लॅपटॉप ऐरोलीत झोपतो तेव्हा पोर्टांची एक साखळी असते, ठाण्यात जागा होतो तेव्हा दुसरीच. कर्नलला ती नव्याने चाचपावी लागते, आणि पडदा काळा राहायची ही हमखास जागा.

दुसरा थंडरबोल्टचा. लॅपटॉपवर त्याला परवानगी दिली नसेल तर चित्र येतं, पण डॉकवरचा कीबोर्ड आणि लॅन मेल्यासारखे पडून राहतात.

तिसरा डिस्प्लेलिंकचा. यात चित्र आकुंचित करून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवलं जातं आणि त्यासाठी कर्नलबाहेरचं मॉड्यूल, म्हणजे वेगळं बसवावं लागणारं ड्रायव्हर, लागतं. महापेला काम करणाऱ्या माझ्या एका मित्राने दोन केबली बदलल्या, मॉनिटरही बदलून पाहिला. आदल्या रात्री कर्नल अपडेट झाला होता आणि ते मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलंच गेलं नव्हतं. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचा लोगो बाहेरच्या मॉनिटरवर उमटत असेल, तर तो मॉनिटर डिस्प्लेलिंकवर नाही. ही एवढी परीक्षा सगळ्यात आधी करावी, असं मी कळकळीने सांगतो.

लॉगिन स्क्रीनवर फेकलं जाणं मात्र डॉकच्या माथी मारू नये. एक्समध्ये खिडक्यांची मांडणी सांभाळणारा विंडो मॅनेजर कोसळला तरी उघडे प्रोग्रॅम टिकायचे. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये खिडक्या एकत्र जोडून चित्र बनवणारा कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर; तो गेला की सगळंच गेलं. उबुंटू या लिनक्सने २०१७मध्ये वेलँड डीफॉल्ट केलं, १८.०४ आवृत्तीत माघार घेतली आणि माघारीच्या कारणांत हे कोसळणंही एक होतं, २१.०४ आवृत्तीत वेलँड परत आलं. दोन मॉनिटरना वेगवेगळं स्केलिंग (अक्षरं-चिन्हांचा आकार) द्यायचं तर वेलँडला पर्याय नाही, हे मान्य. पण कोसळल्यावर सावरायची सोय आधी व्हायला हवी होती. केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये, २०२४ साली, क्यूटी ६ या साधनसंचावर बांधलेले प्रोग्रॅम कंपोझिटर पडल्यावरही जगू लागले. बाकीच्यांसाठी केबल काढण्याआधी फाइल सेव्ह करणं आलंच.