लढाईचे नियम, भूमिकाखेळांतील

भूमिकाखेळांतील लढाईचे नियम : टेबलाभोवती बसून खेळायच्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांत (यांत प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो) वार लागला का, किती लागला आणि पुढची पाळी कोणाची, हे फाशांवर ठरवणारे नियम. खेळाडूंचे मतभेद याच भागात सर्वाधिक होतात.

गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धखेळात साधा सैनिक एका फटक्यात बाद होई. डेव्ह आर्नेसन यांच्या मिनेसोटातील गटात मात्र एकेक पात्र महिनोन्‌महिने चालवायचे असे; झटपट मरण तिथे परवडणारे नव्हते. त्यातून हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते हे सांगणारे व वारागणिक घटणारे गुण, आले आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळात (१९७४) रुजले. आर्मर क्लासच्या, म्हणजे चिलखतानुसार वार लागणे किती अवघड हे सांगणाऱ्या आकड्याच्या, उगमाबद्दल एकमत नाही. हिट पॉइंट व आर्मर क्लास या दोन्ही कल्पना आपण अमेरिकन यादवीतील पोलादी युद्धनौकांच्या खेळातून घेतल्या, असे आर्नेसन यांनी पुढे सांगितले. परंतु ‘चेनमेल’च्या द्वंद्वतक्त्यात चिलखताच्या १ ते ८ अशा पायऱ्या आधीच होत्या, १९७४ मध्ये त्याच उलट्या होऊन ९ ते २ झाल्या. नौकेचे गुण माऱ्यागणिक वजा करण्याची रीत फ्लेचर प्रॅट यांच्या नौकायुद्धखेळातही आढळते. तेव्हा हिट पॉइंट नौकांकडून व आर्मर क्लास तक्त्याकडून आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आकडा लहान तितके चिलखत भक्कम, ही उलटी मोजणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गेली.

त्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) कड्यांच्या चिलखताचा आर्मर क्लास १६ आहे. दानात ५ मिळवणाऱ्या (+५) हल्लेखोराला वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त दान हवे, म्हणजे निम्मी शक्यता. वार मांडीवर बसला की खांद्यावर, याची नोंद नाही. ‘रूनक्वेस्ट’मध्ये (१९७८) हल्ल्याची टक्केवारी, समोरच्याने वार अडवणे, अवयव ठरवणे आणि चिलखताने इजा घटवणे, इतके टप्पे येतात, त्याचे कर्ते स्टीव्ह पेरिन यांना मध्ययुगीन शस्त्रांच्या लढतींचा प्रत्यक्ष अनुभव होता. वेळ जास्त जातो हे खरे, तरी तलवारीची धास्ती इथेच खरी वाटते. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ (१९७५) प्रत्येक बाजूच्या दानांची वेगळी बेरीज करून दोहोंतला फरक हरलेल्यांवर इजा म्हणून टाकतो. ‘डंजन वर्ल्ड’ने (२०१२) पाळ्यांचा क्रमच काढला.

पुण्यात नियम इंग्रजीत वाचून खेळ मराठीत चालतो : “लागला का? एचपी (हिट पॉइंट) किती उरले?” चौकटींवर सोंगट्या हलवणाऱ्यांना अप्पा बळवंत चौकातला आलेख-कागद पुरतो, कथेला महत्त्व देणारे अंतर तोंडीच सांगतात. दांडपट्ट्याची नोंद पाचव्या आवृत्तीच्या शस्त्रयादीत नाही. त्याला लांब तलवारीचे आकडे देणे सोपे. पण फिरता पट्टा शत्रूला जवळ येऊ देत नाही, म्हणून दहा फुटांची पोहोच देणे सरस. मूठ पोलादी पंजात बंद असल्याने तो हातातून उडवण्याचा नियमही त्याला लावू नये.