गाडीतला फ्यूज आणि सर्किट ब्रेकर

गाडीतला फ्यूज म्हणजे वायरिंगच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला कमजोर तुकडा, ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहायला लागला की आतली बारीक पट्टी वितळते आणि सर्किट तिथंच तुटतं. बऱ्याच जणांना वाटतं फ्यूज हेडलाइट, म्युझिक सिस्टीम असल्या वस्तू वाचवायला असतो, पण त्याचं खरं काम वायर वाचवणं, कारण वस्तू बिघडली तर नवीन बसवता येते, वायर तापून तिचं प्लास्टिक पेटलं तर आख्खी गाडी जाते.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बॅटरीला हलक्यात घेतात, पण तिचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, इतका कमी असतो की सरळ शॉर्ट झालं तर काहीशे अँपिअर सहज सोडते. त्यात गाडीची लोखंडी बॉडीच बॅटरीच्या मायनसला जोडलेली, म्हणजे प्लसच्या वायरचं आवरण कुठं घासलं किंवा उंदरानं कुरतडलं आणि तांबं बॉडीला टेकलं की शॉर्ट झालंच.

रेटिंगचा, म्हणजे फ्यूज किती अँपिअरचा हवा त्याचा, हिशोब सोपा आहे, वॅटला व्होल्टनं भागायचं. हेडलाइटच्या एच-४ बल्बचा हाय बीम ६० वॅटचा, म्हणजे ५ अँपिअर, दोन्ही बल्ब एकाच फ्यूजवर असतील तर १०, आणि फ्यूज कायम पूर्ण रेटिंगवर चालवायचा नसतो, साधारण पाऊण लोड धरतात, म्हणून तिथं १५ चा लागतो. वायर मात्र १५ पेक्षा जास्त आरामात सोसणारी हवी, नाहीतर फ्यूजच्या आधी वायरच जळेल.

आज दिसतात ते दोन पात्यांचे प्लास्टिकचे ब्लेड फ्यूज लिटलफ्यूज कंपनीनं १९७६ मध्ये आणले, त्याआधी काचेच्या नळीचे किंवा युरोपियन गाड्यांत चिनीमातीचे असायचे. ब्लेडमध्ये रंगावरून रेटिंग कळतं: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. एक बॉक्स बहुतेक बॉनेटखाली बॅटरीजवळ असतो आणि दुसरा डॅशबोर्डखाली, कुठला फ्यूज कशाचा ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं.

फ्यूज लगेच उडत नाही हे पण लक्षात घ्या. १० चा फ्यूज ११ अँपिअरवर तासन्‌तास टिकतो, २० वर ५ सेकंदांच्या आत जातो, ३५ वर अर्ध्या सेकंदात. हे बरंच आहे, कारण मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते आणि तेवढ्यासाठी फ्यूज उडायला नको. पण म्हणूनच १० च्या जागी ३० चा टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणं फार धोक्याचं, तेव्हा वायरला कोणी वाली उरत नाही. नवीन फ्यूज परत परत उडत असेल तर दोष फ्यूजचा नसतो, शॉर्ट शोधावा लागतो. बाहेरून मोठा हॉर्न किंवा जास्तीचे लाइट बसवताना मूळ वायर सोलून जोड मारतात तेही टाळावं, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून बॅटरीजवळ वेगळा फ्यूज द्यावा, बॅटरीजवळच, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला संरक्षण नसतं.

सर्किट ब्रेकर वितळत नाही. त्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, ती तापली की वाकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो. काही प्रकार थंड झाले की आपोआप परत जोडले जातात, काहींना बटण दाबावं लागतं. पॉवर विंडोची मोटर काच अडकल्यावर जाम होऊन खूप करंट ओढते पण तो काही बिघाड नव्हे, काच सुटली की सगळं ठीक, अशा ठिकाणी दर वेळी फ्यूज बदलत बसण्यापेक्षा ब्रेकर बरा. जुन्या अमेरिकन गाड्यांत हेडलाइटलाही तोच असायचा, म्हणजे रात्री रस्त्यावर शॉर्ट झालं तरी लाइट कायमचे न जाता लागत-विझत राहायचे आणि ड्रायव्हरला गाडी कडेला घेता यायची.

स्टार्टर मोटरच्या जाड केबलला मात्र बऱ्याच गाड्यांत फ्यूजच नसतो, कारण इंजिन फिरवताना तीच शेकडो अँपिअर ओढते, म्हणून ती केबल कुठं घासत नाही ना हे सर्व्हिसिंगला बघून घ्यावं.