ढग आला की मोटर फिरते, मग पाणी का येत नाही?

यवतमाळकडच्या एका शेतात परवा एक काका वैतागून म्हणाले, "मोटर तर चालू दिसते, पण पाइपातून थेंब नाही. ह्या सौर पंपातच खोट आहे." कंट्रोलरच्या पेटीला त्यांनी लिंबू-मिरची बांधली होती. दुपारी पाणी आलं आणि श्रेय लिंबाला गेलं. ते उन्हाचं होतं.

पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. पेटीतला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र, तिची तीन फेजची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज करतो आणि ऊन उतरलं की फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं (हर्ट्झ) उतरवतो. ५० हर्ट्झवर जास्तीत जास्त १०० फूट उचलणारा पंप २५ हर्ट्झवर निम्म्या वेगाने फिरतो. पण दाब वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणून पाणी २५ फुटांवरच अडतं. विहिरीतलं पाणी ६० फूट खोल असेल तर ते वर येणार कसं?

नुसती फ्रिक्वेन्सी उतरवून मात्र चालत नाही. व्होल्टेज तेवढंच राहिलं तर मोटरच्या लोखंडात चुंबकत्व मावेनासं होतं, करंट वाढतो, वाइंडिंग जळते. म्हणून ४१५ व्होल्टला ५० हर्ट्झ, म्हणजे हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट, हे प्रमाण सांभाळतात. ही व्ही/एफ, म्हणजे व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी, पद्धत.

लिफ्टसारख्या कामाला ती अपुरी पडते. तिथे व्हेक्टर कंट्रोल लागतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो. जत्रेतल्या फिरत्या घोड्यावर बसा: शेजारचा घोडा स्थिर दिसतो. तसंच गणिताने मोटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर बसलं की तीन फेजचे सतत वरखाली होणारे करंट दोन शांत आकडे होतात. एक चुंबकत्व उभं करतो, दुसरा त्याच्याशी काटकोनात राहून पीळ, म्हणजे टॉर्क देतो. दोन्ही वेगवेगळे हाताळता येतात, जुन्या डीसी मोटरसारखे. जर्मनीच्या ब्लाश्के यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं. १९८६ साली जपानच्या ताकाहाशी आणि नोगुची यांनी करंटची ही फोडही टाळली. फ्लक्स (मोटरमधलं चुंबकत्व) आणि टॉर्कचा अंदाज घेऊन थेट इन्व्हर्टरचे, म्हणजे ड्राइव्हमधल्या डीसीची एसी करणाऱ्या भागाचे, स्विच निवडायचे. ही डीटीसी (डायरेक्ट टॉर्क कंट्रोल) पद्धत चपळ, पण तिच्यात टॉर्क थरथरतो.

विहिरीवरच्या साध्या इंडक्शन मोटरला बहुतेक वेळा व्ही/एफ पुरते. व्हेक्टरच्या नावाने कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ढग आला की पेटीवरचा हर्ट्झचा आकडा बघा. काकांच्या ६० फुटांसाठी तो ३९च्या पुढे जावा लागतो.