एक यो-यो आणि पन्नास यो-यो

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब केलेल्यांना आठवत असेल: पट्टीचे दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला खाचेत बसणारा भाग. बसत नसेल तर आणखी कानस मारायची. कारखान्यात ही मुभा नाही. तिथे ढिगातला कुठलाही तुकडा कुठल्याही जोडीदारात बसला पाहिजे.

अमेरिकेतल्या एमआयटीत (आपली पुण्याची नव्हे, मॅसॅच्युसेट्सची) मेकॅनिकलची मुलं हा धडा यो-यो बनवून गिरवत आली आहेत. कोर्सचा क्रमांक २.००८. गटाने मिळून यो-यो डिझाइन करायचा, साचे सीएनसीवर (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनवर) कापायचे, इंजेक्शन मोल्डिंगने (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरून) भाग काढायचे आणि सुमारे पन्नास नग जोडून दाखवायचे.

खरी परीक्षा साच्याची. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन (एक प्रकारचं प्लास्टिक) थंड होताना साधारण १ ते २.५ टक्के आकसतं. दीड टक्का धरला, तर ५० मिलिमीटरच्या चकतीला साचा हवा ५०.७६ मिलिमीटरचा. दोन भाग दाबून खटकन बसवायचे असतील, तर पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी जोड खुळखुळतो, नाहीतर बसतच नाही. त्यातून आकसणंही सगळीकडे सारखं नाही. जाड भाग सावकाश थंड होतो आणि पृष्ठभागावर खळगा पाडतो.

आणि यो-योला तर जाड कडाच हवी! वजन कडेला असेल तर तो जास्त वेळ फिरतो. पण थंड होण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: २ मिलिमीटरची कडा ४ केली की जवळपास चौपट. डिझाइन करणाऱ्याने हौसेने वाढवलेली जाडी मशीनवर उभं राहणाऱ्याला प्रत्येक नगामागे मोजावी लागते. इथे दोघे एकाच गटातले, म्हणून भांडण लवकर मिटतं.

नग पडू लागले की व्यास मोजून क्रमाने आलेखावर मांडायचे. साचा तापून स्थिरावेपर्यंतचे सुरुवातीचे नग वेगळे येतात, ते बाजूला. पुढचे थोडे खालीवर होणारच. मात्र लागोपाठ नग एकाच दिशेने सरकू लागले, तर तापमान, दाब किंवा थंड होण्याचा वेळ तपासायचा.

सगळं स्थिर असूनही व्यास चुकला, तर साचा पुन्हा मशीनवर चढतो. धातू काढता येतो, परत घालणं फार अवघड. म्हणून मुरलेला डायमेकर, म्हणजे साचे बनवणारा, साच्यातली पोकळी आधी किंचित लहानच कापतो, पहिले नग मोजतो आणि मग हवी तेवढी वाढवतो.