कॅलिफोर्नियातील पाळणाघरांचे अनुदान-दर: दर कसा ठरतो, पात्रता कोणाची आणि कागदपत्रे कोणती

कॅलिफोर्नियात घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या व्यक्तीला सरकारी अनुदानातून एका मुलामागे जास्तीत जास्त किती रक्कम मिळू शकते, हे तिचे घर कोणत्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) आहे, मूल किती वयाचे आहे आणि पाळणाघर कोणत्या प्रकारात मोडते यांवरून ठरते. राज्यात 58 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीसाठी कमाल दराचा वेगळा तक्ता आहे. पालक राहतात ती काउंटी येथे धरली जात नाही, मूल जेथे सांभाळले जाते तेथील काउंटी धरली जाते. काउंटीच्या सीमेजवळ राहणाऱ्यांनी हा फरक अर्ज भरण्याआधीच लक्षात घ्यावा.

या दराचे मूळ संघराज्याच्या 1990 च्या बालसंगोपन अनुदान कायद्यात आहे. 2014 साली या कायद्याची फेररचना झाली आणि प्रत्येक राज्याने दर तीन वर्षांनी आराखडा सादर करावा, तसेच त्याआधी बाजारभावाची शास्त्रशुद्ध पाहणी करावी किंवा पूर्वपरवानगी घेऊन खर्चावर आधारित पर्यायी पद्धत वापरावी, असे बंधन आले. पाहणीत परवानाधारक पाळणाघरे खासगी पालकांकडून किती शुल्क घेतात हे विचारले जाते. मिळालेली शुल्के चढत्या क्रमाने मांडली, तर शंभरांपैकी पंचाहत्तराव्या जागेवर येणारे शुल्क हा मापदंड मानला जातो. अनुदान त्या पातळीचे असेल, तर गरजू कुटुंबाला बाजारातील साधारण चारपैकी तीन जागा परवडू शकतात, असा त्यामागचा हिशेब आहे. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2022 पासून 2018 च्या पाहणीतील हाच पंचाहत्तरावा टप्पा लागू केला. म्हणजे दर लागू झाला त्या दिवशीच तो सुमारे चार वर्षे जुना होता.

या पद्धतीतील खरी अडचण मात्र जुनेपणाहून खोल आहे. गरीब वस्तीतील पाळणाघर कमी शुल्क घेते ते तेथे मूल सांभाळायला कमी खर्च येतो म्हणून नव्हे, तर तेथील पालकांना त्याहून अधिक देणे शक्य नसते म्हणून. पाहणी ही अगतिकताच ‘बाजारभाव’ म्हणून नोंदवते आणि अनुदान पुन्हा त्याच पातळीला बांधले जाते. तान्ह्या बाळांच्या बाबतीत हे अधिक जाणवते, कारण राज्याच्या नियमांनुसार बालसंगोपन केंद्रात चार तान्ह्यांमागे एक शिक्षिका लागते, तर बालवाडीच्या वयाच्या बारा मुलांमागे एक पुरते. न्यू मेक्सिको आणि वॉशिंग्टन डीसी यांनी म्हणूनच पगार, भाडे, आहार अशा प्रत्यक्ष खर्चावरून दर काढण्याचा मार्ग इतरांच्या आधी स्वीकारला. कॅलिफोर्नियात 2023 च्या एसबी 140 या कायद्याने तीच दिशा घेतली आणि जानेवारी 2024 पासून मूळ दराखेरीज प्रत्येक अनुदानित मुलामागे मासिक पूरक रक्कम सुरू झाली. घरगुती पाळणाघरचालकांच्या वतीने या दरांची वाटाघाटी 2020 मध्ये निवडून आलेली त्यांची संघटना करते.

तक्त्यातील आकडा ही कमाल मर्यादा असते. खासगी पालकांकडून घेता त्यापेक्षा जास्त शुल्क सरकारकडे मागता येत नाही, आणि तुमचे शुल्क मर्यादेपेक्षा अधिक असल्यास फरक पालकांकडून घेता येतो. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के जागांची प्रतिपूर्ती करताना राज्याचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेचे प्रत्यक्ष शुल्क यांपैकी कमी रक्कम धरली जाते. हा हिशेब ठाऊक असलेल्यांना येथील तर्क अनोळखी वाटणार नाही. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी दर 1.2 पट आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलासाठी 1.5 पट होतो, मात्र त्यासाठी लेखी पुरावा जोडावा लागतो.

अनुदानासाठी अर्ज पालक करतात, पाळणाघर नव्हे. मूल 13 वर्षांखालील असावे, कुटुंबाचे उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या उत्पन्नाच्या) 85 टक्क्यांपर्यंत असावे आणि पालकांची नोकरी, शिक्षण किंवा कामाचा शोध यांसारखी गरज सिद्ध व्हावी. ऑक्टोबर 2023 पासून मध्यम उत्पन्नाच्या 75 टक्क्यांखालील कुटुंबांना शुल्कातील स्वतःचा वाटा भरावा लागत नाही. त्यावरील कुटुंबांसाठी तो उत्पन्नाच्या 1 टक्क्यापर्यंत मर्यादित आहे. सोबत वेतनचिठ्ठ्या, मुलाचा जन्मदाखला, राहण्याचा पुरावा आणि कामाच्या वेळांची माहिती लागते.

पाळणाघरचालकाने आधी राज्याच्या परवाना विभागाचे परिचय-सत्र पूर्ण करावे. छोट्या घरगुती पाळणाघरात आठपर्यंत, तर मदतनीस असलेल्या मोठ्या पाळणाघरात चौदापर्यंत मुले घेता येतात. अर्जासोबत घरातील प्रौढांचे बोटांचे ठसे, क्षयरोग-तपासणीचा अहवाल, लसीकरणाचे दाखले, 16 तासांच्या आरोग्य व सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, घराचा आराखडा आणि आपत्कालीन योजना द्यावी लागते. 2020 पासून मोठ्या पाळणाघरालाही निवासी वापर समजले जात असल्यामुळे नगरपालिकेच्या वेगळ्या जागा-परवानगीची कटकट संपली आहे. परवाना हाती आला की अनुदान वाटणाऱ्या स्थानिक संस्थेकडे त्याची प्रत, ओळखपत्र, कर-ओळख क्रमांकाचा अर्ज आणि स्वतःचे छापील शुल्कपत्रक द्यावे. शुल्कपत्रकात वयोगट आणि तास, दिवस, आठवडा, महिना असे दर स्पष्ट लिहावेत. मोघम शुल्कपत्रकावरून पुढे वाद होतात.

परवान्याविना नातवंडे किंवा भाचरे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना, काका-मामांना व मावशी-आत्यांनाही अनुदान मिळू शकते. त्यांचा दर घरगुती पाळणाघराच्या मर्यादेच्या 70 टक्के असतो आणि त्यांना राज्याच्या पार्श्वभूमी-तपासणी नोंदणीतून सूट आहे. मात्र सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर आलेल्या आजीला मोबदला घेऊन काम करता येत नाही, त्यामुळे तिच्या नावाने अर्ज करू नये. एच-4 व्हिसावरील (एच-1बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याची जोडीदार असलेल्या) स्त्रीलाही पाळणाघर सुरू करण्यापूर्वी कामाचा परवाना लागतो. मुलाच्या बाबतीत मात्र पालकांचा व्हिसा पाहिला जात नाही.

दर मंजूर झाल्यावरही पैसे मिळण्यासाठी हजेरीपत्रक द्यावे लागते. मुलाला सोडल्याची व नेल्याची नेमकी वेळ त्याच दिवशी पालकांकडून लिहून घ्यावी आणि महिनाअखेर दोघांनी पूर्ण सही करून पत्रक मुदतीत पाठवावे.