विज्ञान शाखेत पीएच.डी. प्रवेश: पेट उत्तीर्ण होऊनही अर्ज कुठे अडतो

"सर, पेट निघाली, गुणही चांगले आहेत, तरी यादीत नाव कसं नाही?" पेट म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा. मुलाखतींचा निकाल लागला की संशोधन केंद्रात हा प्रश्न ठरलेला. चौकशी केली की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते. एखादा कागद मुदतीत आला नाही, किंवा ज्या मार्गदर्शकांच्या भरवशावर अर्ज भरला त्यांच्याकडे जागाच रिकामी नव्हती. अभ्यासात कमी पडलेली मुलं फार थोडी असतात. हुशार मुलांचं वर्ष असं वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ही माहिती महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेसाठी आहे. मूळ नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले. त्यांच्या आधारे प्रत्येक विद्यापीठ स्वतःचं परिपत्रक काढतं. शुल्क, तारखा आणि अर्जाचा नमुना त्या परिपत्रकातूनच घ्यायचा. मागच्या वर्षीची पीडीएफ कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर ती बाजूला ठेवा.

पात्रता: ५५ टक्के म्हणजे नेमके किती

तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. झाली असेल तर किमान ५५ टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी असेल तरीही तेवढेच. चार वर्षांच्या पदवीवरून थेट यायचं असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रिमीलेयर), दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे.

इथवर सरळ आहे. घोळ होतो तो श्रेयांक पद्धतीच्या गुणपत्रिकेवर. तिच्यावर सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांचा सरासरी श्रेणी-अंक असतो, अर्जात टक्के विचारलेले असतात, आणि मुलं त्या आकड्याला दहाने गुणून मोकळी होतात. प्रत्येक विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वेगळं असतं. ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याचंच सूत्र चालतं. ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असेल तर मागच्या बाजूचीही प्रत अपलोड करा. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या. दहाने गुणून ५६ आलेला माणूस सूत्राने ५५ च्या खाली गेला, तर छाननीत तो अपात्र ठरतो, आणि भरलेलं शुल्क परत मिळेल ही आशा धरू नये.

पेट, नेट आणि एका वर्षाची मुदत

विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. ५० टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावणं येतं, राखीव प्रवर्गांना इथेही ५ टक्के सवलत. अंतिम यादी मात्र परीक्षेचे ७० आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून लागते. म्हणजे पेट उत्तीर्ण होणं ही मुलाखतीपर्यंतचीच परवानगी आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहे: भौतिक, रसायन, जीव, गणिती आणि भू-विज्ञान असे पाच विषय. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिला जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळालेल्यांचा. त्यांना प्रवेश मुलाखतीवर मिळतो. दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश या दोन्हींसाठी पात्र, तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला नेटचे ७० आणि मुलाखतीचे ३० टक्के लागू होतात.

आता ही ओळ दोनदा वाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. सहायक प्राध्यापक म्हणून पात्रता कायमची असते, त्यामुळे दुसऱ्या गटातली मुलं बिनधास्त राहतात आणि दीड वर्षाने प्रमाणपत्र घेऊन येतात. प्राध्यापकाच्या नोकरीसाठी ते प्रमाणपत्र चालेल, प्रवेशासाठी नाही. निकालाची तारीख आणि तुमच्या विद्यापीठाच्या अर्जाची अंतिम तारीख शेजारी शेजारी लिहून काढा, मगच यंदा पेट द्यायची की नाही ते ठरवा.

जागा विद्यापीठात नसते, मार्गदर्शकाकडे असते

सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी पडते, आणि ती सहज टाळता येते.

प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. एखाद्या मॅडमचं काम तुम्हाला कितीही आवडलं असेल आणि त्यांनीही फोनवर "या, बघू" म्हटलं असेल, पण त्या सहयोगी प्राध्यापक असून त्यांचे सहा भरले असतील तर विद्यापीठ सातवा देत नाही. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेले शिक्षक नवे विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. हे मुलांना माहीतच नसतं, कारण विभागातली सगळ्यात मोठी नावं बहुधा याच वयाची असतात.

अर्ज भरण्याआधी विद्यापीठाने जाहीर केलेली रिक्त जागांची यादी उघडा आणि चार गोष्टी जुळवून पाहा: मार्गदर्शकाचं नाव, संशोधन केंद्र, विषय आणि जागेचा प्रवर्ग. चौथी गोष्ट सगळे विसरतात. मग मार्गदर्शकांना ईमेल करा. दोन परिच्छेद पुरेत: तुमचा एम.एस्सी.चा प्रकल्प काय होता आणि त्यांच्या कोणत्या कामाशी तुमचा विषय जुळतो. "आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायची आहे" एवढंच लिहून चाळीस जणांना एकदम पाठवलेला मजकूर ओळखू येतो, त्याला उत्तर येत नाही. एकाच नावावर विसंबू नका, दोन-तीन केंद्रं हाताशी ठेवा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा विद्यापीठांशी संलग्न कितीतरी महाविद्यालयांत मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं आहेत. विद्यापीठाच्या मुख्य विभागात गर्दी असते तेव्हा तिथे जागा रिकामी सापडते.

विषय जुळतो की नाही

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि जैवतंत्रज्ञानात पीएच.डी., किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून भौतिकशास्त्र, असे अर्ज विज्ञान शाखेत नेहमीचे. संलग्न विषय म्हणून कोणता चालतो ते त्या विषयाच्या अभ्यासमंडळाच्या शिफारशीनुसार ठरलेलं असतं, आणि ते विद्यापीठागणिक बदलतं. "मित्राला शेजारच्या विद्यापीठात मिळाला" हा पुरावा इथे चालत नाही. परिपत्रकात तुमची जोडी नसेल तर अर्जाआधीच पीएच.डी. विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी दिलेला होकार छाननीच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

कागद, जे आयत्या वेळी मिळत नाहीत

गुणपत्रिका, आधार, फोटो, सही हे सगळे आणतात, त्यावर बोलत नाही.

पहिला अडणारा कागद नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र. त्यावर "३१ मार्चपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. अर्ज फेब्रुवारीत, मुलाखत एप्रिलमध्ये आणि प्रवेश मे महिन्यात असेल, तर अर्ज भरताना वैध असलेला कागद प्रवेशाच्या दिवशी बाद झालेला असतो. नव्यासाठी १ एप्रिल उजाडला की लगेच आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज टाका. जून-जुलैमध्ये दहावी-बारावीच्या प्रवेशांची झुंबड उडते आणि तहसील कार्यालयात फाइल हलत नाही. लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन धावपळ करतात. नॉन-क्रिमीलेयर आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या नाही. नेटसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि राज्य विद्यापीठासाठी राज्याच्या नमुन्यातलं. दोन्ही काढून ठेवलेली बरी.

जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून येतं आणि त्याला महिने लागतात. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्यांकडे ते आधीच असतं, साध्या बी.एस्सी.ने आलेल्यांकडे बहुधा नसतं, कारण तोवर कुणी मागितलेलंच नसतं. पीएच.डी.चा विचार एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मनात आला, तर त्याच आठवड्यात ही फाइल सुरू करा. बेळगाव, गोवा किंवा इंदूरकडून येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावं की दुसऱ्या राज्याच्या जात प्रमाणपत्रावर महाराष्ट्राच्या राखीव जागेचा लाभ मिळत नाही. तुमचा अर्ज खुल्या गटातून धरला जाईल, हे गृहीत धरूनच तयारी करा.

विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र मूळ लागतं. एम.एस्सी.नंतर बी.एड.ला वगैरे प्रवेश घेतला असेल तर मूळ प्रत तिथे जमा झालेली असते. दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र, शुल्क आणि वेळ, तिन्ही लागतात.

नावाचा प्रश्न बहुतेक मुलींचाच. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. अर्ज गुणपत्रिकेवरच्या नावाने भरा आणि विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा. नव्या नावानेच पदवी हवी असेल तर आधी राजपत्रात नावबदल करून घ्या. नुसतं स्टँपवरचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी परत करतात, आणि परत कधी करतील ते सांगत नाहीत.

नोकरी करणाऱ्यांच्या ना-हरकत पत्राबद्दल मात्र मला जरा रागानेच लिहावं लागतं. एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षिका पत्र घेऊन आल्या होत्या. त्यात एकच वाक्य: "यांना पीएच.डी. करण्यास संस्थेची हरकत नाही." सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं होतं. ते पत्र नाकारलं गेलं. नियमानुसार अर्धवेळ उमेदवाराच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या जबाबदाऱ्या सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केलं जाईल. संस्थाचालक तिसरं वाक्य लिहायला कचरतात. त्या बाईंचं वर्ष त्या एका वाक्यावर गेलं. हा तयार मसुदा प्रत्येक विद्यापीठाने अर्जासोबतच द्यायला काय हरकत आहे? पण देत नाहीत. तेव्हा तुम्हीच तीन वाक्यांचा मसुदा टाइप करून प्राचार्यांपुढे ठेवा.

आराखडा आणि परवानग्या

मुलाखतीनंतर संशोधन आराखडा संशोधन व मान्यता समितीपुढे, म्हणजे आरआरसीपुढे जातो. विज्ञान शाखेत इथे एक वेगळी अडचण येते. उंदरांवर प्रयोग असतील तर नोंदणीकृत प्राणीगृह आणि प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते, रुग्णांचे नमुने असतील तर मानवी संशोधनाची नैतिकता समिती. अभयारण्यातल्या बेडकांवर किंवा वनस्पतींवर काम करायचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती फाइल नागपूरला जाते. परवानगी हातात नसली तरी निदान अर्ज केल्याची पोच आराखड्याला जोडा. "परवानगी घेतली जाईल" एवढ्या वाक्यावर समितीने आराखडा परत पाठवलेला मी पाहिला आहे, आणि समितीचं तिथे चुकलं असं मला वाटत नाही. पावसाळ्यातच सापडणारी प्रजाती असेल आणि परवानगी ऑक्टोबरमध्ये आली, तर विद्यार्थ्याचं अख्खं वर्ष जातं.

कुणाकडे काय विचारायचं

फॉर्मचं टेबल एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे, यात मुलं दमतात. कागदांची छाननी पीएच.डी. विभाग करतो. विषय आणि आराखडा आरआरसीच्या हातात. प्रयोगशाळा, हजेरी, सहामाही अहवाल हे संशोधन केंद्राचं काम. अधिष्ठाता संपूर्ण विद्याशाखेचे प्रमुख असतात, एकेका अर्जाची तक्रार थेट त्यांच्याकडे नेल्याने ती लवकर सुटत नाही. आधी केंद्रप्रमुखांच्या सहीने लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, मग वर जा.

प्रवेशानंतरच्या तारखा

अभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा, त्यात संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा विषय येतोच, आणि ५५ टक्के मिळवावे लागतात. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती सादर करायची.

पदवीसाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. ही सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. आरआरसीचं पत्र सहा-आठ महिन्यांनी आलं की विद्यार्थी त्या पत्राच्या तारखेपासून हिशेब धरतात आणि शेवटी तेवढेच महिने कमी पडतात. प्रवेशाचं पत्र आणि शुल्काची पहिली पावती एकत्र ठेवा, कारण मुदतवाढीच्या अर्जाला ती जोडावी लागतात आणि तो अर्ज मुदत संपण्याआधी विभागात आवक झालेला असावा लागतो.