नेत्रसंचालित व्हीलचेअर

डोळ्यांच्या हालचालींवरून आज्ञा घेऊन चालणारी, विजेवरची चाकाची खुर्ची. हातापायांतली शक्ती गेली, मान स्थिर राहत नाही आणि वाचाही उरली नाही, तरी ज्यांची नजर शाबूत आहे अशा व्यक्तींसाठी ती तयार करतात. एएलएस या चेतापेशींच्या विकारात इतर स्नायू लुळे पडत गेले तरी डोळे फिरवणारे स्नायू बहुधा दीर्घकाळ साथ देतात. मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाला, इजा होऊन येणाऱ्या ‘लॉक्ड-इन’ अवस्थेत (शुद्ध असते, पण शरीर हलत नाही) मात्र पुष्कळदा डोळे वर-खाली करणे आणि पापण्या मिटणे एवढेच हाती उरते, त्यामुळे केवळ डावी-उजवी नजर ओळखणारी खुर्ची अशा रुग्णाच्या काहीच कामाची नाही.

नजर टिपण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली विद्युतभारावर आधारलेली आहे. डोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे पारपटल, मागच्या दृष्टिपटलाच्या मानाने धनभारित असतो. डोळ्यांभोवतीच्या त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवले, तर नजर एक अंश वळली की साधारण ५ ते २० मायक्रोव्होल्टचा फरक नोंदला जातो. ही पद्धत अंधारातही चालते, परंतु घामाने व इलेक्ट्रोड सैल झाल्याने नोंद भरकटते. दुसऱ्या पद्धतीत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश डोळ्यावर सोडून बाहुलीचा मध्य आणि पारपटलावर उमटणारा प्रकाशबिंदू यांतील अंतर कॅमेऱ्याने मोजतात. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असल्याने, नाशिकच्या एखाद्या घरात बिनचूक चालणारी खुर्ची रामकुंडाजवळच्या उघड्या घाटावर भर दुपारी चाचपडू शकते.

खरी अडचण यापुढची आहे. डोळे मुळात पाहण्यासाठी असतात आणि ते सेकंदाला सुमारे तीनदा जागा बदलतात. नाशिकच्या रविवार कारंजा भागातून जाताना चांदीच्या गणपतीकडे नजर वळली, म्हणून खुर्चीने तिकडेच वळायचे का? स्पर्श होईल ते सोने करणाऱ्या ग्रीक राजाच्या नावावरून या अडचणीला ‘मिडास स्पर्श’ म्हणतात. उपाय म्हणून पडद्यावरील बाणावर नजर अर्धा ते एक सेकंद रोखायला लावतात, किंवा मुद्दाम केलेली दीर्घ उघडझाप हीच आज्ञा मानतात. दोन्हींत थकवा आहे, कारण दर वळणाला असे टक लावून पाहावे लागले तर आजूबाजूचे पाहणेच राहून जाते. बसणाऱ्याला रस्ता पाहू न देणारी खुर्ची तांत्रिकदृष्ट्या कितीही अचूक असली तरी अपुरीच म्हटली पाहिजे.

म्हणून यंत्रमानवशास्त्राची मदत घेतली जाते. कुठे जायचे हे बसणाऱ्याने नजरेने सांगायचे, आणि वाटेतले अडथळे लेसर व अल्ट्रासोनिक संवेदकांनी ओळखून वेग व वळण खुर्चीने सांभाळायचे, अशी ही वाटणी असते. आडव्या दिशेने पाहणारा संवेदक समोरची भिंत ओळखतो, खाली उतरणारी पायरी ओळखत नाही. गोदावरीच्या पात्राकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या पंचवटीच्या परिसरात जमिनीकडे रोखलेला वेगळा संवेदक त्यामुळे अनिवार्यच ठरतो. जुन्या वाड्याचा चार बोटे उंच उंबरा संवेदकाला दिसला तरी साधी चाके तो ओलांडू शकत नाहीत, तिथे उतरण बांधावीच लागते. थांबण्याची आज्ञा सर्वांत सोपी असावी लागते, नजरेचा माग सुटताच खुर्ची आपोआप थांबावी लागते, आणि सोबतच्या माणसाच्या हाताशी वीज तोडणारे बटण असावे लागते. बसण्याची ढब थोडी बदलली तरी नजरेची जुळणी बिघडते, म्हणून पडद्यावरच्या ठिपक्यांकडे एकेक करून पाहण्याची ती जुळणी पुन्हा करावी लागते आणि घरच्यांना ती शिकवून ठेवावी लागते.